सोन्याची तोफ आणि दोन स्वर

गाण्याच्या मास्तराने शार्क माशावरच्या इंग्रजी चित्रपटाबद्दल लिहावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. मलाही वाटले असते. पण गेल्या महिन्यात एका रविवारी शिकवणी आटोपल्यावर माझ्या दोघा-तिघा शिष्यांनी आग्रह धरला, "सर, आज आमच्याबरोबर एक पिक्चर बघाच. तुम्ही घाबरला नाहीत तर महिनाभर आम्ही रोज पहाटे खर्ज लावू." अशी पैज कोणता शिक्षक नाकारील? दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर, ज्या खोलीत वडिलांचे तंबोरे भिंतीला टेकून उभे असतात त्याच खोलीत, आम्ही 'द मेग' नावाचा चित्रपट पाहिला. मी घाबरलो नाही. मुलांना पहाटे उठावे लागत आहे. परंतु आपण का घाबरलो नाही, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. आणि उत्तराचा शोध घेता घेता ते माझ्याच अंगावर येऊन आदळले. म्हणून हा लेखप्रपंच.

चित्रपट तसा नवा नाही. तो २०१८ साली आला. स्टीव्ह ऑल्टन या अमेरिकन लेखकाच्या १९९७ मधील कादंबरीवरून जॉन टर्टलटॉब यांनी तो दिग्दर्शित केला आणि अमेरिका व चीन या दोन देशांच्या भांडवलावर तो उभा राहिला. कथा थोडक्यात अशी. समुद्राचा तळ म्हणून जो समजला जात होता, त्याच्याही खाली, गार पाण्याच्या एका थराने झाकलेले उबदार जग सापडते. तेथे नष्ट झाला असे मानलेला 'मेगॅलोडॉन' हा राक्षसी शार्क अजून जिवंत असतो. माणसाच्या लुडबुडीमुळे तो वर येतो, आणि जेसन स्टॅथम या बळकट नटाने रंगवलेला पाणबुड्या त्याच्याशी दोन हात करतो. खर्च १३ कोटी डॉलरांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक. मिळकत ५० कोटी डॉलरांच्या वर. २०२३ मध्ये दुसरा भाग निघाला, त्यात शार्कांची संख्या वाढली आणि भरीला एक अजस्र ऑक्टोपसही आला.

हा मासा मात्र निव्वळ कल्पनेतला नव्हे. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीपासून ३६ लाख वर्षांपूर्वीपर्यंत तो पृथ्वीच्या समुद्रांत खरोखरच वावरत होता. शार्कचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो आणि तो सहसा टिकत नाही. म्हणून या प्राण्याची ओळख मुख्यतः त्याच्या दातांवरून आणि थोड्याफार मणक्यांवरून झाली आहे. सर्वांत मोठे दात सुमारे १८ सेंटिमीटरांचे, म्हणजे माणसाच्या पंजाएवढे. त्याची लांबी बरीच वर्षे १५ ते १८ मीटर मानली जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती २४ मीटरपर्यंत असू शकेल असे म्हटले आहे. देवमाशांसारख्या मोठ्या जीवांवर पोट भरणारा हा प्राणी खोल समुद्राच्या गारठ्यात आणि उपासमारीत लपून राहिला असेल, हे शास्त्रज्ञांना मान्य नाही. पण तेवढी सूट चित्रपटाला द्यावीच. आपल्या संगीत नाटकातला नायक प्राण कंठाशी आले असता पद म्हणतो, तेव्हा आपण वैद्याचे मत विचारतो काय?

माझी तक्रार वेगळी आहे. चित्रपटात एक जागा फार चांगली आहे. समुद्राखालच्या संशोधन-केंद्राच्या काचेच्या बोगद्यात एक लहान मुलगी एकटीच खेळत असते. बाहेर काळेभोर पाणी. त्या काळोखातून तो जबडा पुढे येतो, काचेवर बसतो, आणि मागे उरतात त्या काचेवर उमटलेल्या दातांच्या खुणा. तेवढ्या एका क्षणी माझा हात मांडीवर थबकला, हे मी कबूल करतो. पण त्यानंतर दिग्दर्शकाला जणू राहवतच नाही. शार्क पुन्हा दिसतो, जवळून दिसतो, उजेडात दिसतो. एकाला मारून नावेला बांधतात, तर त्याला गिळायला त्याहून मोठा दुसरा येतो. शेवटी तो गर्दीने फुललेल्या किनाऱ्यावर जातो. दुगुण झाली, चौगुण झाली, आता अठगुण. मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती आणि मी घड्याळाकडे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाचे विभाव सांगितले आहेत. त्या यादीत पहिला मान 'विकृत रवा'ला आहे, म्हणजे विचित्र आवाजाला. भुताखेतांचे दर्शन त्याच्या मागून येते. पुढे ओसाड घर आणि अरण्यही आहे. वाचकांनी नीट पाहावे. आधी कान, मग डोळा; आणि जिथे कोणीच दिसत नाही अशा जागा. आकाराचा बडेजाव तिथे नाही, आणि ते बरोबरच आहे. आज हयात असलेला जगातला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दर वर्षी येतो, सूक्ष्म जीव गाळून खातो आणि निघून जातो. उलट, रात्री माडीच्या जिन्यावर करकर वाजले, की उंदीर असला तरी घर जागे होते.

हेच तत्त्व १९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या 'जॉज' या चित्रपटाने सिद्ध केले होते. तोही शार्कचाच चित्रपट, खर्च सुमारे ९० लाख डॉलर. त्यासाठी केलेले यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरताच बिघडू लागले. चित्रीकरण ठरल्यापेक्षा कितीतरी लांबले. मासा दाखवता येईना, तेव्हा तो न दाखवताच काम भागवणे आले. म्हणून तो शार्क पूर्णपणे नजरेस पडायला एक तास वीस मिनिटे लागतात. तोवर त्याची जागा कोण चालवते? दोन स्वर. संगीतकार जॉन विल्यम्स यांनी खर्जातल्या गजवाद्यांवर एकमेकांना अगदी खेटून असलेले दोन स्वर आळीपाळीने वाजवले. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि कोमल ऋषभ. दुसरे काही नाही. प्रथम पियानोवर ऐकवले तेव्हा स्पीलबर्ग यांना ती थट्टा वाटली होती. पुढे त्याच संगीताला ऑस्कर मिळाले.

त्यातही एक प्रामाणिकपणा आहे, तो मला फार आवडतो. मध्यंतरी दोन खोडकर मुले पुठ्ठ्याचा पर लावून पोहणाऱ्यांना घाबरवतात. लोक किंचाळत पळतात, पण ते दोन स्वर तेव्हा वाजत नाहीत. कारण शार्क तेथे नाहीच. संगीत खोटे बोलत नाही. म्हणूनच ते पुन्हा वाजते तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मुलांना हे तोंडी सांगून पटेना, म्हणून पुढच्या रविवारी मी एक प्रयोग केला. 'जॉज'मधला किनाऱ्यावरचा प्रसंग लावला, आवाज बंद करून. पाण्याखालून पोहणाऱ्यांचे पाय दिसतात, बस्स. मुले हसली. मग तोच प्रसंग आवाजासह लावला आणि त्यांना डोळे मिटायला सांगितले. कोणी हसले नाही. त्यातल्या धाकट्याने तर मध्येच डोळे उघडले. नंतर 'मेग'मधला किनारा डोळे मिटून ऐकवला. ऐकून झाल्यावर विचारले, "काय ऐकलेत?" थोरला म्हणाला, "सर, सगळंच वाजत होतं." याहून नेमके परीक्षण मला लिहिता आले नसते.

माझे वडील संस्थानच्या कलावंत कारखान्यात लागले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटले नव्हते. थोड्याच वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातले अपत्य. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांनी मला मारवा द्यायला सुरुवात केली. वेळ दिवेलागणीची, पण दिवा लावू देत नसत. सांगत, "रिषभावर राहा, धैवतावर राहा. सा समोर आहे, पण त्याच्यावर बसायचं नाही." मारव्यात षड्ज असा लपवूनच ठेवतात. खोलीत अंधार वाढत चालला आहे, तंबोरा तो षड्ज सारखा देत आहे, आणि आपल्याला मात्र तेथे जाण्याची बंदी! माझा जीव कासावीस होई. एकदा मी रडकुंडीला येऊन सा वर जाऊन बसलो. वडील रागावले नाहीत. म्हणाले, "बघ, बसलास आणि राग संपला." अंधारातल्या त्या पंधरा मिनिटांनी मला जेवढे भेडसावले, तेवढे 'मेग'च्या दोन तासांनी भेडसावले नाही.

यावर कोणी म्हणेल, जुने ते सगळे सोने. तसे माझे म्हणणे नाही. दरबारालाही दिखाव्याचे वावडे नव्हते. आपल्या गायकवाडांच्या सोन्याचांदीच्या तोफा जुन्या घराण्यांतल्या वाचकांनी वाडवडिलांच्या तोंडून ऐकल्याच असतील. पण सोन्याची तोफ पाहून कोणी कधी घाबरले आहे काय? डोळे दिपतात, किंमत किती याचा हिशेब सुरू होतो, आणि ती मिरवणुकीत शोभते. 'मेग'मधला शार्क हा अशा सोन्याच्या तोफेच्या जातीचा आहे. ज्याने त्याच्यावर कोट्यवधी डॉलर ओतले, त्याने तो लपवून कसा ठेवावा? पै न पै पडद्यावर दिसली पाहिजे. स्पीलबर्ग यांना संयम शिकवला तो नादुरुस्त यंत्राने. आज यंत्र बिघडत नाही. संगणकातला मासा खाऱ्या पाण्याने गंजत नाही. आता थांबायला भाग पाडणारे कोणी उरलेले नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

ही अडचण एकट्या हॉलिवुडची असती तर मी कागद खर्ची घातला नसता. गेल्या हिवाळ्यात माझ्या विद्यार्थ्यांचा एक कार्यक्रम झाला. आयोजकांनी प्रत्येकाला बारा मिनिटे दिली होती. माझी एक शिष्या मारवा गाणार होती. गळा तयार, तान स्वच्छ. मी विचार केला, बारा मिनिटांत आलापीत कोण बसणार? मीच तिला सांगितले, आलाप दीड मिनिटात आटोप, तार सप्तकात जा, ताना घे, तिहाई घेऊन संपव. तिने ते चोख केले. टाळ्या तर इतक्या पडल्या की तिच्या आईचे डोळे भरून आले. बाहेर पडताना आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. अनेक वर्षे गाणे ऐकलेला माणूस. म्हणाले, "पोरगी तयार आहे हो तुमची. राग कोणता म्हणायचा, मारवा की सोहनी?"

जाणकार वाचकांना यातली मेख कळेल. दोन्ही रागांचे स्वर तेच. मारवा ठरतो तो रिषभ-धैवतावर रेंगाळण्याने, षड्ज राखून ठेवण्याने. ते रेंगाळणेच मी कापून टाकले होते. उरले ते स्वर, वेग आणि टाळ्या. त्या मुलीचा त्यात काही दोष नव्हता. तिच्या हाती सोन्याची तोफ मी दिली होती, आणि ती देताना मला अडवणारे वडील आता हयात नाहीत.

म्हणून त्या अमेरिकन दिग्दर्शकाला नावे ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे जाणून लिहितो. मुलांनी 'मेग' जरूर पाहावा. रविवारची दुपार त्यात मजेत जाते. पण त्यानंतर एकदा 'जॉज'ही पाहावा, आणि घरातल्या मोठ्यांनी त्यांच्याबरोबर बसावे. आपण आपल्या मुलांना काय काय येते हे विचारतो, किती राग झाले ते विचारतो. त्यांना किती वेळ वाट पाहता येते, हे कोणी विचारत नाही. भीती असो, करुणा असो वा शांती असो, ती त्या वाट पाहण्यातच उतरते.

यंदाच्या कार्यक्रमात माझे पाच नव्हे, दोनच विद्यार्थी गातील, असे मी आयोजकांना कळवले आहे. वेळ तेवढाच, माणसे कमी. त्यांतली एक तीच मुलगी आहे आणि राग मारवाच आहे. रोज दिवेलागणीला ती येते. मी खोलीतला दिवा लावत नाही. परवा ती मध्येच थांबून म्हणाली, "सर, कसंतरीच होतंय." मी म्हटले, "होऊ दे. अजून सा वर जाऊ नकोस."