पहिले तेरा रुग्ण

पित्ताशयातील खड्यांची शस्त्रक्रिया आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून होते. पोटावर तीन-चार छोटी छिद्रे, एक-दोन दिवसांत घरी. लोक तिला सर्रास ‘बिनटाक्याची’ म्हणतात. टाके असतात, फक्त लहान. भारतात ती प्रथम झाली १९९० मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांच्या हातून. म्हणजे हे तंत्र इथे आले तेच सरकारी रुग्णालयात.

रुग्णाला सोपी वाटणारी ही शस्त्रक्रिया सर्जनला मात्र नव्याने शिकावी लागते. पडद्यावर खोली दिसत नाही. हात उजवीकडे नेला की अवजाराचे टोक डावीकडे जाते. पोट उघडल्यावर बोटांना जे कळते, ते लांब दांड्याच्या चिमट्यातून फारसे कळत नाही. आणि काम चालते ते जेमतेम पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या मुख्य पित्तनलिकेला खेटून. पित्ताशयाची नळी समजून चुकून तीच कापली गेली, तर काविळ, जंतुसंसर्ग, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, असे वर्षानुवर्षांचे दुखणे मागे लागते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील सर्जनांनी १९९१ मध्ये अशा १,५१८ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येक चमूच्या पहिल्या तेरा रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते, नंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का. तंत्र तेव्हा नवे होते, हे खरे. पण शिकणारा हात आजही नवाच असतो.

एमएसची तीन वर्षे बाह्यरुग्ण विभाग, अपघात, रात्रपाळ्या यांतच सरतात. निवासी डॉक्टर दुर्बिणीचा कॅमेरा महिनोन्‌महिने धरतो. चिमटा हाती येईपर्यंत बऱ्याचदा शेवटचे वर्ष उजाडते. मग दोन-चार दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते. त्याने हात बसत नाही. वास्तविक एक बंद खोके, आत साधा कॅमेरा आणि जुनी अवजारे एवढ्यावर गाठ मारण्याचा सराव रोज करता येतो. अमेरिकेत जनरल सर्जनच्या बोर्ड परीक्षेला बसण्याआधी अशा खोक्यावरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. आपल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात असे खोके असावे आणि त्यावर हात बसल्याशिवाय निवासी डॉक्टरच्या हाती चिमटा देऊ नये. खर्च नगण्य आहे. अडते ते शिकवणाऱ्याच्या वेळापाशी.

उघड्या शस्त्रक्रियेचा सरावही सुटता कामा नये. सूज फार असेल, रचना ओळखू येत नसेल, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडणे हे अपयश नाही, शहाणपण आहे. नातेवाईक मात्र ‘केस बिघडली’ असे समजतात. संमतिपत्रावर ही शक्यता छापलेली असते. सही घेण्याआधी डॉक्टरांनी ती तोंडी समजावून सांगावी, आणि स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या हे रुग्णाने विचारले तर राग न धरता आकडा सांगावा.