तांब्याच्या देशाचे खेळाडू

क्रीडेचा विषय या सदरांत पाहून आमचे कांहीं वडीलधारे वाचक कपाळास आंठ्या घालतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि आफ्रिका खंडांतील झांबिया देशाच्या फुटबॉल संघाची हकीकत ही केवळ चेंडूची हकीकत नव्हे.

झांबिया हा तांब्याच्या खाणींचा देश. १९६४ सालीं स्वतंत्र झाला. त्याच्या संघास लोक ‘चिपोलोपोलो’, म्हणजे तांब्याच्या बंदुकगोळ्या, असें म्हणतात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्यें या संघानें इटलीचा ४-० असा पराभव केला. त्यांतील तीन गोल एकट्या कालुशा ब्वाल्याचे होते.

पुढें २७ एप्रिल १९९३ रोजीं सेनेगलशीं खेळण्यास निघालेलें संघाचें लष्करी विमान गॅबॉनच्या लिब्रव्हील शहरीं इंधन घेऊन उडालें, तें लागलीच समुद्रांत कोसळलें. १८ खेळाडूंसह सर्व ३० जण मृत्युमुखीं पडले. एका इंजिनास आग लागली असतां वैमानिकानें चुकून दुसरेंच बंद केलें, असें २००३ सालच्या अहवालांत निष्पन्न झालें. कालुशा हॉलंडांत खेळत असे व तेथूनच परस्पर जाणार होता, म्हणून वांचला.

घरांतील कर्तीं माणसें एका दिवसांत गेलीं म्हणजे मागें उरलेल्यांनीं काय करावें? झांबियानें नवे तरुण जमविले, कालुशा त्यांचा नायक झाला, आणि वर्ष भरण्यापूर्वींच ते आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यास जाऊन भिडले. तेथें नायजेरियानें त्यांस २-१ असें हरविलें. चषक घरीं यावयास आणखी अठरा वर्षें लागलीं.

२०१२ चा अंतिम सामना योगायोगानें लिब्रव्हीलमध्येंच होता. खेळाडूंनीं आधीं समुद्रतीरीं जाऊन दिवंगतांस फुलें वाहिलीं. १२ फेब्रुवारीस बलाढ्य आयव्हरी कोस्टशीं सामना गोलांवांचून बरोबरींत सुटला व शेवटीं पेनल्टींत झांबियानें तो ८-७ असा जिंकला. जायबंदी झालेल्या जोसेफ मुसोंडास प्रशिक्षक एर्व्हे रेनार्ड यांनीं स्वतः उचलून आनंदोत्सवांत नेलें. कालुशा त्या वेळीं देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता.

या विजयानें गेलेले परत आले नाहींत. ज्या घरांतील मुलगे गेले, त्यांचें दुःख तेवढेंच राहिलें. परंतु २०१२ चे बहुतेक खेळाडू अपघाताच्या वेळीं लहान मुलें होते. कोणाचें काम अपुरें राहिलें, हें वडील माणसांनीं त्यांस सांगितलें होतें, म्हणूनच तीं फुलें वाहिलीं गेलीं. आपण श्राद्धतिथीस पिंड देतों, तिलोदक देतों. त्या दिवशीं घरांतील मुलांस, ज्यांचें श्राद्ध त्यांनीं काय आरंभिलें होतें, एवढें तरी सांगतों काय?