न सांगता टिपलेली कळ

गेल्या पालकभेटीला बन्नूरहून आलेल्या एका वडिलांनी विचारले, "सर, मुलगा सुट्टीत लॅपटॉपवर काय टाइप करतो ते टिपणारे सॉफ्टवेअर मिळते म्हणे. त्याला न सांगता टाकू का?" त्यांची काळजी खरी होती. तरीही मी 'नको' म्हणालो. का, ते सर्वांपुढे मांडतो.

अशा सॉफ्टवेअरला कीलॉगर म्हणतात. दाबलेली प्रत्येक कळ ते नोंदवते. त्यात निबंध आला, मित्राचा निरोप आला आणि पासवर्डही आला. ही युक्ती हेरांची आहे. १९८४ साली मॉस्को आणि लेनिनग्राड येथील अमेरिकी कचेऱ्यांतल्या १६ टंकलेखन यंत्रांत सोव्हिएत हेरांनी दडवलेली उपकरणे सापडली. मजकूर सांकेतिक भाषेत जाण्यापूर्वी, टाइप होतानाच तो बाहेर फुटत होता.

आपल्याकडे २०१९ मध्ये कुडनकुळम प्रकल्पाच्या संदर्भात न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने एका संगणकात घातक सॉफ्टवेअर शिरल्याचे मान्य केले. तज्ज्ञांनी ते 'डीट्रॅक' असल्याचे सांगितले. डीट्रॅकला कळा टिपता येतात. तो संगणक प्रशासकीय कामाचा, इंटरनेटला जोडलेला होता. प्रकल्पाची मुख्य यंत्रणा वेगळ्या जाळ्यावर असल्याने तिला धक्का लागला नाही.

मग हेच हत्यार आपण होऊन घरात का आणावे? फुकटचा कीलॉगर टिपलेली माहिती आणखी कोणाला पाठवतो, हे आपल्याला कळत नाही. मुलावर नजर ठेवता ठेवता घरच्या बँक खात्याचा पासवर्डही परक्याच्या हाती जाईल.

"मग मुले बिघडली तर?" हा प्रश्न रास्त आहे. देखरेख हवीच, पण उघड हवी. आपल्या शाळेत लॉकरची तपासणी होते, तेव्हा कॅडेट समोर उभा असतो. घरीही लॉपटॉप बैठकीच्या खोलीत ठेवा, वेळ ठरवा, काय तपासणार ते आधी सांगा.

कॅडेट्सनो, तुम्हीही लक्षात ठेवा. गंमत म्हणूनही दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय असे काही टाकणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली गुन्हा ठरू शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सायबर कॅफेत पासवर्ड टाइप करू नका. अनोळखी पेन ड्राइव्ह लावू नका.

त्या वडिलांनी मुलाला तिथेच बोलावले आणि माझ्यासमोर त्याच्याशी नियम ठरवले. मुलाने एकाच नियमावर हुज्जत घातली: रविवारी अर्धा तास जास्त. तो त्याला मिळाला.