विश्लेषण : मांजर शेजारच्यांचे, त्रास आपल्याला… कायदा काय सांगतो?

गाडीच्या टपावर पंजांचे ठसे, कुंडीतली माती उकरलेली, दाराबाहेरच्या चपलांना उग्र वास. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतो आणि वाद पेटतो. एक म्हणतो, ‘मांजर तुमचे.’ दुसरा म्हणतो, ‘आम्ही फक्त दूध घालतो.’ शहरांतल्या असंख्य इमारतींमधील भांडणाचे मूळ या दोन वाक्यांत आहे. मांजर कोणाचे, हे ठरत नाही. म्हणून जबाबदारीही कोणाचीच ठरत नाही.

मांजराला कोंडवाडा आहे का?

नाही. शेतात शिरलेले जनावर कोंडवाड्यात घालण्याची सोय 1871 च्या गुरे अतिक्रमण कायद्यात आहे. त्याच्या यादीत गाई-म्हशींबरोबर हत्ती, उंट, घोडे, गाढवे, डुकरे, शेळ्या-मेंढ्या आहेत, मांजर नाही. त्यामुळे मांजर गॅलरीत आले, एवढ्यावरून कारवाई होणे अवघड. वारंवार घाण, दुर्गंधी, नुकसान होत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. सदस्याने इतरांना उपद्रव होईल असे वागू नये, ही अट गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे. पाळीव मांजराबाबत तारखा आणि छायाचित्रांसह सचिवांकडे लेखी तक्रार देता येते.

मांजर कोणाचेच नसेल तर?

कोणीही मालकी न सांगितलेल्या अशा प्राण्यांना 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे. 2001 च्या जुन्या नियमांच्या नावातच ‘कुत्रे’ होते; नव्या नियमांची व्याख्या त्यापुढे जाते. आवारातील अशा प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी नियम रहिवासी संघटनेवर टाकतात. मात्र खाणे जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर द्यायचे, जागा स्वच्छ ठेवायची, अशी अटही घालतात. म्हणजे खाऊ घालण्यावर सरसकट बंदी चालत नाही आणि जिन्यात ताटली ठेवण्याचा हक्कही मिळत नाही. वाद मिटलाच नाही तर पशुवैद्यकीय अधिकारी, पोलीस, प्राणी कल्याण संस्था, तक्रारदार आणि रहिवासी संघटना यांचे प्रतिनिधी असलेली प्राणी कल्याण समिती त्यावर निर्णय देते.

पोत्यात घालून लांब सोडले तर?

हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला टाकून देणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यातील पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपयांचा असल्याने अनेकांना तो खेळ वाटतो. विष घालणे मात्र खेळ नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला मारणे, विष देणे किंवा जायबंदी करणे यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय ओला कचरा उघडा आणि उंदीर मुबलक असतील, तर रिकाम्या जागी दुसरे मांजर येतेच.

तक्रार करणारा प्राणीद्वेष्टा असतो का?

तसे समजणे अन्यायाचे आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मोसिसचा संसर्ग होऊ शकतो आणि गर्भवतींसाठी तो धोक्याचा असतो. चावा किंवा ओरखडा रेबीजच्या दृष्टीने दुर्लक्षून चालत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे लागते. या काळजीला ‘मुक्या जिवावर दया करा’ हे उत्तर नव्हे.

मग तोडगा काय?

नसबंदी आणि लसीकरण. मांजरी 4-5 महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि साधारण 2 महिन्यांत विते. बोक्यांचे ओरडणे, मारामाऱ्या, लघवीचे फवारे यांतले बरेचसे नसबंदीने कमी होते. मुंबई, पुण्यात महापालिकेने मांजरांची नसबंदी हाती घेतली आहे. सोसायटीने प्राणी कल्याण संस्थेला सोबत घेऊन पाठपुरावा करायला हवा. बाकीचे उपाय साधे आहेत : कचऱ्याच्या डब्यांना घट्ट झाकणे, डक्टला जाळी, कुंडीतल्या मातीवर खडे, वाहनाला आच्छादन, खाण्याची एक जागा आणि ठरलेली वेळ.

जो रोज दूध घालतो, त्याने नसबंदीसाठी मांजर पकडून देण्याची आणि घाण उचलण्याचीही जबाबदारी घ्यावी. ज्याला त्रास होतो, त्याने पोते शोधण्याआधी तक्रार लिहावी. आणि सोसायटीने हा विषय ग्रुपवरून सभेच्या इतिवृत्तात आणावा. मांजराला हद्द कळत नाही. ती माणसांनीच ठरवायची आहे, आपल्या वागण्याचीसुद्धा.