आखूड पायांचा, लांब पाठीचा पाहुणा



या सदरात मी नेहमी पिकांविषयी, खतांविषयी, फार तर गोठ्याविषयी लिहितो. आज मात्र एका कुत्र्याविषयी लिहिणार आहे, आणि तेही आपल्या गावठी राखणदाराविषयी नव्हे. गेल्या काही वर्षांत कामानिमित्त वस्त्यांवर फिरताना मला एकाच ठेवणीची कुत्री पुन्हा पुन्हा दिसू लागली. अंग लांबलचक, पाय वीतभर, कान लोंबते, छाती मात्र पैलवानासारखी पुढे काढलेली. चौकशी केली की हकीकत बहुधा एकच निघते. पुण्या-मुंबईला नोकरी करणारा मुलगा किंवा भाचा हौसेने पिलू घेतो. पुढे त्याची बदली होते, घरात तान्हे बाळ येते किंवा शेजारी भुंकण्याची तक्रार करतात, आणि एखाद्या रविवारी कुत्रे गाडीत बसून गावी येते. "आई, तुमच्याकडे जागा भरपूर आहे," एवढे बोलून चिरंजीव संध्याकाळी परत जातात. या जातीचे नाव डॅक्सहुंड. कोणी डॅशहाउंड असेही म्हणतात.

आमच्या घरीही ते असेच आले. मुलाने त्याचे नाव ब्रूनो ठेवले होते. आमच्या आळीतल्या पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचे दुसरे बारसे केले आणि नाव ठेवले पडवळ्या. तेच पुढे चालू राहिले. सौ. त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "धड कुत्र्याचं आणि पाय मांजराचे! याला कुणी जोडला?"

पहिल्या महिन्यात घरात रोज एक तक्रार. मेथीच्या वाफ्यात याने हातभर खोल खड्डा केला. रात्री ओट्यावर अंथरलेल्या गोधडीत नाकाने वाट काढत हा पार पायथ्यापर्यंत शिरला आणि धाकट्या नातवाचा पाय लागताच आतून गुरगुरला. हाक मारली की मान वळवून बघायचा, ऐकल्याचे दाखवायचा आणि आपल्या वाटेने निघून जायचा. आवाज तर असा, की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे आमच्या फाटकामागे वाघ्याएवढा मोठा कुत्रा बांधला आहे. आणि एवढा शूर गडी पावसाचे चार थेंब पडले की उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला तयार नाही. मग घरातच कोपरा ओला करायचा. सौ. म्हणाल्या, हे कुत्रे हट्टी आहे, परत पाठवा.

माझ्या कृषी पदवीच्या अभ्यासात कुत्र्यावर एक पानही नव्हते. पण जात कशासाठी घडवली हे कळल्याशिवाय जनावर कळत नाही, एवढे तिथे शिकलो होतो. डांगी बैल घाटमाथ्याच्या पावसात उभा राहून काम करतो आणि खिलार चपळाईने पळतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच निवड झाली आहे. खिलार चिखलात कुरकुरला म्हणून त्याला कोणी हट्टी म्हणत नाही. हाच हिशेब मी पडवळ्याला लावून पाहिला.

ही जात जर्मनीतली. जर्मन भाषेत 'डाक्स' म्हणजे बॅजर आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बॅजर हा आपल्या साळिंदरासारखा जमिनीत लांबच लांब बिळे करून राहणारा, रात्री हिंडणारा प्राणी. अंगाने दहा-बारा किलोचा, जबडा बळकट, नख्या फावड्यासारख्या. त्याच्या बिळात शिरून त्याला अडवून धरायचे किंवा बाहेर काढायचे, हे या कुत्र्याचे काम. बिळात मावावे म्हणून पाय आखूड. माती मागे लोटता यावी म्हणून पुढचे पंजे रुंद. कोंदट जागी दम टिकावा म्हणून छाती खोल. आणि आवाज मोठा, कारण वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला मातीच्या थरातून तो ऐकू गेला पाहिजे, म्हणजे नेमके कुठे खणायचे ते समजते.

आता विचार करा. आत काळोख, समोर चवताळलेला प्राणी, आणि मालक वर. तो तिथून काय हुकूम देणार? पुढे जायचे की मागे सरायचे हे त्या कुत्र्याने एकट्यानेच ठरवायचे. जे पिलू दर खेपेला मालकाच्या तोंडाकडे बघत राहील ते या कामाला निरुपयोगी. म्हणून जर्मन शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बुद्धीने चालणारी पिले निवडली, आणि त्यांचा वंशज आज आमच्या मेथीच्या वाफ्यात उभा आहे. गोधडी हे त्याचे बीळ. पावसाचा राग यायचे कारण तर उघड आहे. पोट जमिनीपासून चार बोटे वर, ओले गवत थेट पोटाला लागते.

एक गंमत जाता जाता सांगतो. म्युनिक येथे १९७२ साली ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या स्पर्धांचे पहिले अधिकृत शुभचिन्ह म्हणून 'वाल्डी' नावाच्या रंगीबेरंगी डॅक्सहुंडची निवड झाली होती. मॅरेथॉन शर्यतीचा मार्गही नकाशावर त्याच्याच आकाराचा आखला होता.

तर अशा कुत्र्याला वळण कसे लावायचे? मारून लागत नाही. एकदा मी वहाण उगारली, तर तो पळाला नाही, दात दाखवून उभा राहिला. चूक माझीच. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मालकांनी दिलेल्या उत्तरांवरून, माणसांवर आणि इतर कुत्र्यांवर गुरगुरण्या-चावण्यात या जातीला सरासरीहून जास्त गुण पडले होते. लहान आहे म्हणून खेळणे समजू नका. पोराबाळांना बजावून ठेवा, की तो गोधडीत असताना हात घालायचा नाही आणि खात असताना ताटली ओढायची नाही. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे नेमाने टोचून घ्या.

त्याला लाच मात्र कळते. उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा दाखवला की ऐकू न येणारे कान उघडतात. खणण्याची हौस मोडण्याच्या भानगडीत पडू नका, तिला जागा द्या. आम्ही परसात भुसभुशीत मातीचा एक ढीग केला आणि त्यात भाकरीचे तुकडे पुरू लागलो. मेथी वाचली. पावसाळ्यात त्याच्यासाठी गोठ्याच्या वळचणीला हातभर कोरडी जागा राखली, तेव्हा घरातला कोपरा वाचला.

शेतावर या हौसेला दोन धोके आहेत. उंदराचे बीळ दिसले की हा नाक आत घालणार, आणि त्या बिळात घोणस किंवा नाग असू शकतो. बांधावर नेताना साखळी सोडू नका. दुसरा धोका आपणच पेरतो. उंदीर नियंत्रणासाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष बिळात टाकायला मीच तुम्हाला सांगत आलो आहे. ज्या वस्तीवर हे कुत्रे आहे तिथे आमिष टाकल्यावर ते घरीच बांधून ठेवा, आणि विषाने मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. द्राक्षे आणि बेदाणेही त्याच्या तोंडी लागू देऊ नका. आपल्याला मेवा असला तरी कुत्र्याचे मूत्रपिंड त्याने निकामी होऊ शकते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो.

पडवळ्या आला तेव्हा नऊ किलोचा होता. परत पाठवा म्हणणाऱ्या सौ.च त्याला दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी दूध-भाकरी चारू लागल्या. वर्षात तो बारा किलोवर गेला. आमचा ओटा कमरेएवढा उंच. फाटक वाजले की हा त्यावरून थेट अंगणात उडी घ्यायचा. मी कौतुकाने बघायचो. मोटारसायकलच्या टाकीवर बसवून त्याला मळ्यातही न्यायचो, आणि गाडी थांबते न थांबते तोच तो खाली उडी मारायचा.

एका श्रावणात तो गप्प झाला. उचलायला गेलो तर कळवळला. पाठीला बाक काढून उभा राहायचा, पायरी चढायचा नाही. मला वाटले, पावसाने रुसला आहे. दोन दिवस मी तसेच जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत दाराशी आला. मागचे पाय लाकडासारखे मागून फरफटत होते.

लगेच चार जण जमले. कोणी म्हणाले, गरम तेलाने पाठ चोळा. मी स्वतः घरातली अंगदुखीची गोळी फोडायला घेतली होती. सुदैवाने तालुक्याच्या पशुवैद्यकांना आधी फोन लागला. ते म्हणाले, चोळू नका, माणसाची गोळी तर मुळीच देऊ नका, पाठ न वाकवता पाटावर झोपवून घेऊन या.

त्यांनी समजावले ते असे. पाठीच्या मणक्यांच्या मध्ये गादीसारख्या मऊ चकत्या असतात. या जातीत त्या लहान वयातच कडक होऊ लागतात. पाय आखूड करणारा आनुवंशिक बदल शास्त्रज्ञांनी २००९ साली शोधला, आणि चकत्या बिघडवणारा तशाच प्रकारचा आणखी एक बदल २०१७ साली. म्हणजे बिळात शिरण्यासाठी जे अंग घडवले, त्याच्याबरोबरच पाठीचे दुखणेही आले. उडीने किंवा नुसत्या वळण्यानेही कडक चकती फाटते, आतला गर बाहेर येऊन मज्जारज्जू दाबतो आणि मागचे पाय जातात. साधारण चार-पाच डॅक्सहुंडांत एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुधा तीन ते सात वर्षांच्या वयात. पडवळ्या तेव्हा पाच वर्षांचा होता.

डॉक्टरांनी पायाच्या बोटात चिमटा घेतला. त्याने मान वळवून बघितले आणि कण्हला. "कळ समजते आहे, आशा आहे," डॉक्टर म्हणाले. चिमटा कळलाच नसता तर तासांचा हिशेब होता, ताबडतोब शस्त्रक्रियेसाठी मोठ्या ठिकाणी न्यावे लागले असते. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तुमच्याकडे हे कुत्रे असेल तर जवळचे ठिकाण आणि तिथे कोणती सोय आहे हे आजच विचारून ठेवा. पाय जाताना लघवी अडकली किंवा आपोआप गळू लागली, तर तीही तितकीच गंभीर खूण.

आम्हाला औषध आणि सहा आठवडे सक्तीची विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे अक्षरशः कोंडून ठेवणे. कोंबड्यांचा रिकामा खुराडा धुऊन, तळाला पोते अंथरून त्यात त्याला ठेवला. लघवीला नेताना पोटाखालून टॉवेलची झोळी धरून मागचा भाग उचलायचा. पहिले चार दिवस तो रात्रभर त्या दांडग्या आवाजात ओरडला. पाचव्या रात्री सौ.नी खुराड्याशेजारी आपले अंथरूण टाकले, जाळीतून हात आत घातला, आणि तो निजला. पाऊण महिना त्या तिथेच झोपल्या. मला काही बोलल्या नाहीत. त्या दोन दिवसांबद्दल मला अजून टोचणी आहे.

पाचव्या आठवड्यात तो उभा राहिला. आज चालतो, पण मागचा भाग डावीकडे झुकतो आणि वळताना कधी बसकण मारतो. दूध-भाकरी बंद केली, वजन साडेनऊ किलोवर आणले. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, हे माप ठेवा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ सरळ. गळ्यात पट्टा न घालता छातीचा पट्टा घाला. आणि तुमच्याकडे असले कुत्रे दोन दिवस पाठीला बाक काढून गप्प बसले, तर ते रुसले आहे असे समजू नका.

ओट्याला मी सुताराकडून उतरती फळी करून घेतली, घसरू नये म्हणून वर पोते ठोकले. पडवळ्याने पंधरा दिवस तिच्याकडे पाठ केली. शेवटी सौ.नी फळीवर ठिकठिकाणी अंड्याचे तुकडे ठेवले, आणि मग तो असा खाली उतरला, जणू ती कल्पना त्याचीच. काल सकाळी पाऊस लागला होता. फळीच्या वरच्या टोकाशी उभे राहून त्याने आभाळाकडे बघितले, एकदा गुरगुरला, आणि परत गोधडीत शिरला. सौ.नी छत्री उघडून फळीवर धरली, तेव्हा कुठे स्वारी परसाकडे निघाली.