आधी पाहणी, मग अधिसूचना



हुबळी-धारवाडच्या आसपास औद्योगिक वसाहती वाढत आहेत. त्यांना माझा विरोध नाही. आमच्या पोरांना काम हवेच. मागणी एवढीच, की कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने आपल्या 1966 च्या कायद्याखाली भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना काढण्याआधी त्या जमिनीत पुरातत्त्वीय स्थळ असण्याची शक्यता तपासून घ्यावी.

जुनी वस्ती कुठे असेल, याचा अंदाज बांधता येतो. ओढ्याकाठचा उंचवटा, जुने तळे, बांधाशी पडलेला वीरगळ, नांगरासरशी वर येणारी काळी-तांबडी खापरे, काळ्या रानात मधेच पांढऱ्या मातीचे टेकाड. महसूल दप्तरातली बेचिराख गावे तर आयतीच नोंदलेली आहेत. इथल्याच मलप्रभा नदीच्या खोऱ्यावरचा आर. व्ही. जोशी यांचा अश्मयुगीन अभ्यास 1955 मध्येच प्रसिद्ध झाला. हे सारे एका नकाशावर मांडायचे आहे. नेदरलँड्सने असा नकाशा 1990 च्या दशकातच अख्ख्या देशासाठी केला.

मात्र नुसत्या नकाशावर विसंबून भागणार नाही. कोकणातल्या राजापूर तालुक्यातले बारसू पाहा. वस्तीच्या खुणा शोधणाऱ्या नकाशाने तिथला उघडा कातळी सडा रिकामाच दाखवला असता. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारखी माणसे गावकऱ्यांना विचारत सडे पायी हिंडली, म्हणून कोकणातली कितीतरी कातळशिल्पे उजेडात आली. 2022 मध्ये बारसूचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले आणि एप्रिल 2023 मध्ये त्याच परिसरात रिफायनरीसाठी मातीपरीक्षण सुरू झाले. जागा ठरल्यानंतर वारशाचा प्रश्न आला, की तो भांडणाचाच होतो.

1958 चा स्मारक कायदा संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रण घालतो. ज्याचा शोधच लागलेला नाही, त्याला या कायद्याचा काय उपयोग? जेसीबी एकदा फिरला की मातीचे थर मिसळतात; मग खापर हाती आले तरी ते कशासोबत, कोणत्या थरात होते, हे कुणालाच सांगता येत नाही.

यात वेळ जाईल, हा आक्षेप मला पटत नाही. सुगी संपली की रान मोकळे असते, तेव्हा पायी पाहणी करावी. काही सापडलेच, तर वसाहतीच्या आराखड्यात मोकळी जागा सोडावीच लागते, ती तिथे सोडावी.

कर्नाटक विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मंडल कार्यालय, दोन्ही धारवाडातच आहेत. पुढची अधिसूचना निघण्याआधी मंडळाने त्यांना शिवारात बोलवावे.

– एक वाचक, सुभाष रोड, धारवाड