मालकाच्या सहीनं शिकायचं?



सध्या बाजारात एक नवा मंत्र आलाय. नोकरी करता करता पुन्हा विद्यापीठात जा, नवी डिग्री घ्या, पगार वाढवा. रविवारच्या पेपरात पानभर जाहिरात. कोटटाय घातलेला गुळगुळीत माणूस लॅपटॉपपुढं हसतोय. त्या जाहिरातीत मी झाडूवाला बघितला नाही, शिपाई बघितला नाही, हमाल बघितला नाही. ह्यांची प्रगती म्हंजे काय? एक झाडू जाऊन दुसरा झाडू हातात येणं?

मी अडतीस वर्षांचा. सोळा वर्षं क्लास फोरमध्ये काढली. बी.ए. रात्रीच्या कॉलेजातून झालं. आता वकिली शिकायचीय म्हणून रजेचा अर्ज टाकला. साहेबानं मला खालून वरपर्यंत बघितलं. म्हणाला, "अभ्यासाची रजा अधिकाऱ्यांसाठी असते रे. शिकून तू करणार काय? काम तर तेच!"

काम तर तेच. बापानं केलं तेच, पोरानं करायचं तेच. हे सांगायला आता पोथी लागत नाही, रबरी शिक्का पुरतो.

बरं, मीच काही जगावेगळं मागतोय काय? बाबासाहेब १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परत आले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पण लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली होती. मग १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसरी. चांगला पगार, पाठीमागं संसार. १९२० साली ती नोकरी सोडून हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला! पगारातनं साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी दोस्ताचं कर्ज, एवढ्यावर लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी., शिवाय बॅरिस्टरी. ह्याला प्रमोशनची हाव म्हणणार काय कुणी?

आणि परत आल्यावर ते नुसते मोठे झाले नाहीत. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. वर्ग सकाळी. का? कारण आपली पोरं दिवसा नोकरी करतात. सकाळी कॉलेज, मग कचेरी. म्हंजे नोकरदाराच्या घड्याळाप्रमाणं कॉलेज चालवता येतं, हे ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

आज काय चाललंय? वकिलीचा कोर्स पत्रानं करता येत नाही, हजेरी लागते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत वर्ग सकाळी आठ ते संध्याकाळी सातच्या आतच. त्यावर २०२४ साली फर्मान निघालं : नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यानं तसं कळवायचं आणि मालकाचा ना-हरकत दाखला आणायचा. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांतही तोच दाखला. शिकायला मालकाची परवानगी! ही अट आम्ही कुठंतरी ऐकलीय. दोन हजार वर्षं ऐकलीय.

आणि कंत्राटावर राबणाऱ्यानं दाखला कुणाकडं मागायचा? कचेरी म्हणते, तू ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणतो, तुझं नाव कुठाय माझ्या वहीत? केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीला वयाची अट पस्तीस. आमच्या माणसाची पस्तिशी बहिणींची लग्नं, बापाचा दवाखाना आणि खोलीचं डिपॉझिट फेडण्यात जाते. त्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते तेव्हा फॉर्मची मुदत संपलेली असते.

आता आपल्यातल्या शहाण्यांना दोन शब्द. हे म्हणतात, "डिग्र्या घेतलेले सगळे वस्ती सोडून गेले. तू पण जाणार. त्यापेक्षा पोस्टर चिकटव." गेले, खरंय. १८ मार्च १९५६ ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलची खंत उघड बोलून दाखवली. पण म्हणून त्यांनी कॉलेजांना टाळं लावलं काय? शिकलेला उलटला तर त्याच्या कॉलरला धरा. न शिकलेला तर निवडणुकीला भाड्यानं मिळतो, हे पण बघितलंय आपण.

सोळा वर्षं कचरा उपसलेला माणूस वर्गात बसतो तेव्हा मास्तराला वेगळे प्रश्न ऐकावे लागतात. २०१३ साली कायदा झाला, हातानं मैला उचलायला बंदी. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात माणूस मेला तर घरच्यांना तीस लाख द्या. छान! आता तो निकाल वस्तीत वाचून दाखवणार कोण? त्या बाईचा अर्ज लिहिणार कोण, ठेकेदाराला कोर्टात उभा करणार कोण? फी मोजणारा वकील? मला कोट त्यासाठी पायजे. साहेबाच्या शेजारची खुर्ची त्यानं खुशाल चाटत बसावं.

म्हणून आपल्याला भीक नकोय. क्लास फोरला आणि कंत्राटी कामगाराला पगारी अभ्यासरजा पायजे. दाखला नाकारायचा तर तीस दिवसांत, लेखी, कारणासकट नाकारा. वयाच्या अटी मोडा. कामगाराच्या पाळीप्रमाणं वर्ग भरवा.

ज्याचं शिक्षण अर्धवट सुटलंय त्यानं ह्याच महिन्यात अर्ज टाकावा. एकट्यानं नको, दहा-वीस जणांनी मिळून. पोच घ्या, शिक्का घ्या, तारीख घ्या. नाकारलं तर नकाराचा कागद मागा. तो कागद घेऊन आपण सगळे कचेरीच्या दारात बसू. मग बघू, हरकत कुणाची आहे ती.

जयभीम!